नागपुरात हाती एकच दिवस असेल तर रुळांच्या पूर्वेला या

सक्करदरा

डिसेंबर जवळ आला की ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते. कुणाला लग्नाला यायचं असतं, कुणाला अधिवेशनाच्या कामाला, कुणी पेंचला जाता जाता मध्ये एक दिवस काढलेला असतो. नागपुरात बघायला काय आहे? उत्तरात त्यांना जी यादी मिळते ती ठरलेली आहे: झिरो माइल, फुटाळा, अंबाझरी, एखादा मॉल, संत्रा बर्फीचा डबा आणि परतीची गाडी. घरी जाऊन ही मंडळी सांगतात, रस्ते रुंद आहेत, झाडं भरपूर आहेत. खोटं नाही ते. पण ते निम्मं नागपूर झालं, आणि त्यातही वयाने धाकटं.

मुंबईहून रेल्वे १८६७ मध्ये इथे पोहोचली. तिच्या रुळांच्या पश्चिमेला बर्डीचा, म्हणजे सीताबर्डीचा किल्ला, सिव्हिल लाइन्स, कचेऱ्या आणि इंग्रजांचे बंगले. पूर्वेला त्याच्याही दीडशे वर्षं आधीचं गाव. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने बारा वाड्या एकत्र करून १७०२ च्या सुमारास वसवलेलं, त्याच्या मुलाने, चांद सुलतानाने, तट आणि तलाव बांधलेलं, आणि अठराव्या शतकाच्या मध्यावर पहिल्या रघूजी भोसल्यांनी राजधानी केलेलं. महाल, इतवारी, बुधवारी, शुक्रवारी हे सगळं इकडे. मी जन्मापासून याच भागात राहते, त्यामुळे माझा ओढा इकडे आहे हे उघड आहे. पण ओढ्यापलीकडेही एक कारण आहे: बंगले आणि तलाव तुम्हाला दुसऱ्या शहरांतही मिळतील. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी ही ओळींची वस्ती मिळणार नाही.

तर माझा दिवस असा.

सकाळी सातच्या सुमारास कस्तुरचंद पार्कजवळ उतरा. हिवाळ्यात चांगलाच गारठा असतो, स्वेटर अंगावर असू द्या. पोहे खायचे ते तर्री घालून. काळ्या हरभऱ्याची पातळ, लाल, झणझणीत तर्री, वर कच्चा कांदा, थोडा चिवडा, लिंबू. नवख्या माणसाने तर्री वेगळ्या वाटीत मागावी आणि जीभ सांगेल तेवढी घ्यावी. खाऊन झालं की झिरो माइलपर्यंत चालत जा. वाळूच्या दगडाचा खांब, चार घोडे, महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं १९०७ सालचं चिन्ह. पाच मिनिटं पुरतात.

मग तिथूनच मेट्रो पकडा. पुढच्याच स्थानकावर, बर्डीला, उतरायचं, ऑरेंजवरून अ‍ॅक्वा लाइनला यायचं आणि प्रजापती नगरकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं. खिडकीजवळ उभे राहा, कारण याच टप्प्यात गाडी रुळांवरून पलीकडे जाते आणि शहर बदलताना दिसतं. ही पूर्वेची मार्गिका ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाली आणि सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या डोक्यावरून जाते. आमच्या भागातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना पहिल्यांदाच आपली घरं वरून बघायला मिळाली.

चितार ओळी चौक स्थानकावर उतरा. ही मूर्तिकारांची वस्ती. पोळ्याच्या आगेमागे आलात तर ओल्या मातीच्या गणपतींनी ओटे भरलेले असतात आणि चालायला जागा उरत नाही. डिसेंबरात गडबड कमी, पण कुणी ना कुणी माती मळत बसलेलं असतं. विचारलं तर आनंदाने सांगतात. कामात हात घालू नका आणि न विचारता फोटो काढू नका, एवढंच.

तिथून पायी इतवारीत. दुकानं दहा-साडेदहाशिवाय पुरती उघडत नाहीत, म्हणून त्याच वेळेला पोहोचायचं. सराफा, भांड्यांची दुकानं, कापड, मस्कासाथकडे मिरची-मसाल्याचा ठसका. नकाशा मोबाइलमध्ये ठेवा आणि माणसांना विचारत चला. एका ओळीत एकाच जिनसेची दुकानं, त्यामुळे पंचवीस पावलांवर वास बदलतो. हातगाड्या, हमाल, दुचाक्या सगळं एकाच बोळातून जातं. ज्यांना गर्दीचा त्रास होतो त्यांनी अकराच्या आत बाहेर पडावं.

महालात शिरायचं ते गांधी गेटमधून. जुन्या तटाचा हा जुम्मा दरवाजा. आत बडकस चौक, चिटणवीसांचा वाडा, भोसल्यांचा राजवाडा, रुक्मिणी मंदिराचं दगडी कोरीव काम. राजवाड्यात भोसले घराणं आजही राहतं, तेव्हा बाहेरूनच पाहायचं. पितृपक्षात इथे हडपक्या गणपती बसतो. बाकी गावाचे गणपती विसर्जन झाल्यावर हा येतो. महालाला मी दोन तास देईन आणि त्यातला अर्धा वेळ मान वर करून चालायला सांगेन: लाकडी सज्जे, कोरलेले खांब, कौलांच्या उतारावर उगवलेला पिंपळ. वाडे पडून राहिले आहेत आणि त्यांच्या जागी उभ्या काचा येऊन राहिल्या आहेत. जे उरलं आहे ते आताच बघून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

दुपारचं जेवण सावजी. त्यावर जाणकारांनी खाली लिहावं. जेवल्यावर गांधीसागरच्या काठाला थोडा वेळ बसा. हाच चांद सुलतानाचा जुना जुम्मा तलाव. साडेचारला रिक्षाने दीक्षाभूमी. रात्री गाडी असेल तर तिथून स्टेशन फार दूर नाही.

अंबाझरी, फुटाळा, अजब बंगला, रामटेक हे सगळं मी मुद्दाम सोडलं आहे. पहिल्या दिवसात ते कोंबू नये.

नीलम_कोथरूड

किती छान लिहिलं आहे! आम्ही जानेवारीत येतोय, मावसभावाच्या मुलीचं लग्न आहे. दोन शंका. सोबत आई आहे, पंच्याहत्तरीची, गुडघे दुखतात. इतवारीत तिला चालवेल का? आणि आम्ही शाकाहारी आहोत, मग सावजीचा बेत रद्द करायचा का?

गोळीबार चौक

नीलमताई, बेत अजिबात रद्द करू नका. सावजीत शाकाहारीही तितकंच जोरदार असतं. पाटवडी रस्सा मागा, डाळकांदा मागा, वांग्याची भाजी मागा. बेसनाच्या वड्या त्याच काळ्या मसाल्याच्या रश्शात पडतात आणि भाकरीबरोबर जी चव येते ती मटणाला मागे टाकते असं माझी आई, जी दोन्ही रांधायची, ती म्हणायची.

आता सावजीबद्दल थोडं सविस्तर, कारण बाहेर त्याची ओळख 'फार तिखट' एवढ्यावर थांबते. आम्ही हलबा कोष्टी. आमच्या घरात मागाचा खड्डा होता, आजोबा नऊवारी लुगडी विणायचे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि हातमागाच्या बरोबरीने गिरणीची पाळी आमच्या वस्तीच्या अंगवळणी पडली. दिवसभर मागावर बसलेल्या माणसाला संध्याकाळी काहीतरी खणखणीत लागायचं. मसाला घरोघरी बायका भाजायच्या: धणे, खसखस, दगडफूल, मिरे, सुकं खोबरं, आणि रस्सा दाट व्हायला ज्वारीचं पीठ. तेल जवसाचं. जवसाच्या तेलाचा तो उग्र वास आता बहुतेक भोजनालयांतून गेला, सोयाबीन आलं. माझ्या मते अर्धी चव तिथेच गेली.

हातमाग बसत गेले तशी घरातली चूल ओसरीवर आली आणि ओसरीवर चार माणसं जेवायला बसू लागली. तीच ही भोजनालयं. म्हणून सावजी खायचं तर झगमगाटी पाटी पाहून नको. गोळीबार चौक, पाचपावली, टिमकी या बाजूला या, जिथे बाक लाकडी आहे आणि दुपारी एक वाजता बसायला जागा मिळत नाही. मटण खाणाऱ्यांनी साधं मटण आधी घ्यावं, खूर आणि सुंडी ओळख झाल्यावर. भाकरी कुस्करून रश्श्यात भिजवायची. पाणी गटागटा प्यायचं नाही, त्याने जाळ वाढतो. कच्चा कांदा आणि लिंबू.

सक्करदरा

गोळीबार चौक, जवसाच्या तेलाचं अगदी खरं. आमच्याकडेही आजी घाणीवरून आणायची.

नीलमताई, आईंसाठी ई-रिक्षा सांगा. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर स्थानकांबाहेर मिळतात. मेट्रो स्थानकांना लिफ्ट आहेत, त्यामुळे तो भाग सोपा. इतवारीचे आतले बोळ आईंना टाळू द्या. सराफ्याच्या तोंडाशी रिक्षा थांबवा, एखाद्या दुकानात त्यांना गादीवर बसवा आणि तुम्ही फिरून या. इथले दुकानदार म्हाताऱ्या माणसाला पाणी विचारल्याशिवाय राहत नाहीत. महाल त्या रिक्षातून आरामात बघू शकतात.

इंदोऱ्याची लेक

ताई, पूर्व नागपूर पहिलं, हे मान्य. पण दीक्षाभूमी साडेचारला, सगळं फिरून दमल्यावर, यावर मला बोलायचं आहे.

१४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. लसीकरण संस्थेजवळचं हे मैदान होतं. बाबासाहेबांनी कुशीनाराच्या महास्थवीर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग समोर बसलेल्या लाखोंच्या समुदायाला स्वतः बावीस प्रतिज्ञा दिल्या. १६ तारखेला चंद्रपूरला पुन्हा दीक्षा सोहळा झाला. त्यानंतर दोन महिनेही ते राहिले नाहीत, ६ डिसेंबरला गेले. माझी आजी त्या दिवशी मैदानात होती. भंडाऱ्याकडच्या गावातून बायका भाकरी बांधून निघाल्या, वाटेत जमेल तसं वाहन, नाहीतर पायी. पांढरं लुगडं नवीन घ्यायला पैसे नव्हते तर जुनंच धुऊन नेसली होती. जन्मभर ती काळाचा हिशेब 'दीक्षेच्या आधी' आणि 'दीक्षेच्या नंतर' असाच करायची.

म्हणून आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला आम्ही सकाळी नेतो. ऊन कोवळं असतं, स्तूपाच्या दगडाचा रंग तेव्हाच बघावा. शेवदान मल यांनी आराखडा केला, १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. सांची ज्यांनी पाहिली आहे त्यांना फरक लगेच कळेल: तिथला स्तूप भरीव, हा आतून पोकळ आहे, आत सभागृहासारखी मोकळी जागा, मधोमध अस्थिकलश. शेकडो माणसं आत असली तरी आवाज खाली उतरतो. बाहेर बोधिवृक्ष आहे, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या रोपाचा. बावीस प्रतिज्ञा कोरलेला स्तंभ पूर्ण वाचा. घाईत फोटो काढून निघू नका, एक एक वाचा.

आणि दसऱ्याला येणार असाल तर तो वेगळाच दिवस. लाखो लोक येतात, रस्तोरस्ती भोजनदान चालू असतं, आणि सगळ्यात मोठी गर्दी पुस्तकांच्या दुकानांवर असते. शेतमजूर बाई पदराच्या गाठीतले पैसे सोडून नातवासाठी पुस्तक घेताना मी दर वर्षी बघते. आपल्या शहरात याहून मोठं काही घडत नाही असं मला वाटतं.

वेळ उरला तर चिचोलीचं शांतिवन. बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र, वापरातल्या वस्तू तिथे जपल्या आहेत. शहराबाहेर आहे, गाडी हवी.

सक्करदरा

इंदोऱ्याची लेक, आजीची आठवण वाचून थांबले थोडा वेळ. दिवस दीक्षाभूमीपासून सुरू करायचा असेल तर क्रम सहज फिरतो: सकाळी सातला दीक्षाभूमी, नंतर रहाटे कॉलनी स्थानकापर्यंत रिक्षा, तिथून मेट्रोने बर्डी आणि गाडी बदलून चितार ओळी. पोहे मग इतवारीत खायचे, तिथेही उत्तम मिळतात. झिरो माइल गळेल, आणि ते गळलं तर काही बिघडत नाही. धाग्यात पुढे कुणी विचारलं तर मी हाच क्रम आधी सांगेन.

धरमपेठ_गल्ली

पश्चिमेला धाकटं म्हणून बाजूला सारलंत, त्याला माझा विरोध. माझ्या दिवसाची सुरुवात अंबाझरीच्या बांधावर होते. पहाटे साडेपाचला तिथे निम्मं नागपूर चालत असतं. आणि उच्च न्यायालयाची इमारत? हेन्री मेड हा वास्तुकार नवी दिल्लीच्या बांधकामातून तयार झालेला. ६ जानेवारी १९४० ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी उद्घाटन केलं. वाळूच्या दगडात इतकं प्रमाणबद्ध काम मी या शहरात दुसरं पाहिलं नाही. रस्त्यावरून नुसती पाहिली तरी पाय थांबतात. अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चं आहे, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी. लहानपणी बघितलेले तिथले भुसा भरलेले प्राणी कुठला नागपूरकर विसरला आहे?

शिवाय सेमिनरी हिल्सची झाडी. पाहुण्याला थोडी सावली तरी द्या.

सक्करदरा

न्यायालयाच्या इमारतीवर दुमत नाही, ती खरोखर बघण्यासारखी आहे. दोन दिवस असतील तर दुसरा पूर्ण पश्चिमेला, आणि तो तुमच्या क्रमाने. एका दिवसाचा प्रश्न असेल तर मात्र मी महालच सांगेन. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजा बर्डीच्या टेकडीवर इंग्रजांकडून हरल्या, आणि त्यानंतरचं शहर इंग्रजांच्या सोयीने पश्चिमेला वाढत गेलं. महाल बघितल्यावर सिव्हिल लाइन्स समजतं. उलट क्रमाने तसं होत नाही, असा माझा पाहुण्यांबाबतचा अनुभव आहे.

बर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतात. त्या तारखांना इथे असाल तर नक्की चढून जा.

काटोलकर

राम राम राजेहो. धाग्यात सगळं आलं, संत्रा फक्त बर्फीतच आला! मी बागायतदार माणूस, मले हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहून राहिलो.

ताई, डिसेंबरात तुम्हाले जो संत्रा भेटते तो आंबिया बहाराचा. जानेवारी-फेब्रुवारीत फुलते, ऑक्टोबरपासून तोडणीले येते. दिसाले देखणा, चवीले आंबटगोड. मृग बहार पावसाळ्याच्या सुरुवातीले फुलते अन् फेब्रुवारी-मार्चात येते. त्याची साल जाड वाटते, पण गोडी विचारू नका. बाहेरचे पाहुणे डिसेंबरात खातात अन् म्हणतात नागपूरचा संत्रा आंबट. अहो, तुम्ही दोन महिने आधी आले!

घेताना हातात उचलून पाहा. आकाराच्या मानानं जड पाहिजे. साल ढिली असते ते आपल्या संत्र्याचं लक्षणच आहे, त्याले सडका समजू नका. चकचकीत पिवळाधमक पाहून भुलू नका, अंगावर थोडी हिरवी छटा असली तरी आत गोड निघते. २०१४ साली भौगोलिक मानांकन भेटलं, त्याचं नाव घेऊन काही ठिकाणी दुसरीकडचा मालही विकते. ज्याले बाजार पाहाचा छंद असंल त्यानं पहाटे कळमन्याले जावं. ढीग पाहूनच डोळे फिरतात.

नॅरोगेज

वडील रेल्वेत, मोतीबागेत होते, त्यामुळे माझी भर रुळांचीच. मुलं सोबत असतील तर कडबी चौकाजवळचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय दुपारच्या दोन तासांसाठी घ्या. २००२ मध्ये सुरू झालं. बंगाल नागपूर रेल्वेची जुनी वाफेची इंजिनं, डबे, सिग्नलचे दांडे, छोटी गाडी. अडीच फुटी रुळांचं हे जाळं सातपुड्यातून छिंदवाडा, मंडल्यापर्यंत जायचं. इतवारीहून छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. त्या गाडीच्या दारात बसून ज्यांनी मोहाचा वास घेतला आहे त्यांना हे संग्रहालय वेगळं सांगायला नको.

तिथे जाताना ऑरेंज लाइनने गेलात तर गड्डीगोदामला लक्ष ठेवा. सगळ्यात खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर तुमची मेट्रो. आणि नागपूर स्टेशनची इमारत बाहेरून नीट बघा. १५ जानेवारी १९२५ ला तिचं उद्घाटन झालं. लोक टॅक्सी शोधण्याच्या नादात तिच्याकडे पाठ करून निघून जातात.

अमोल_ठाणे

माझा कामाचा दौरा नेमका मे अखेरीस आहे. एक रविवार मोकळा. ही योजना तेव्हा चालेल?

सक्करदरा

अमोल, मे अखेर म्हणजे नवतपा. पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी शहर दारं लावून कूलरसमोर असतं. हे वर्णनासाठी लिहीत नाही, काळजीने लिहितेय: त्या दिवसांत अकरा ते पाच बाहेर राहू नका. सकाळी साडेपाचला दीक्षाभूमी आणि तिथून थेट महाल, नऊच्या आत आटपून परत खोलीवर. डोकं-कान दुपट्ट्याने बांधून घ्या, खिशात कांदा ठेवण्यापेक्षा पाण्याची बाटली आणि मीठ-साखर ठेवा. तर्री आणि सावजी दुपारी नको. दुपारी दहीभात, पन्हं. संध्याकाळी सहानंतर इतवारी. उन्हाळ्यात बाजार संध्याकाळीच फुलतो.

ताजबाग रोड

एक ठिकाण राहिलं. ताजुद्दीन बाबांचा दर्गा, ताजबाग. १७ ऑगस्ट १९२५ ला बाबांचं निधन झालं. भोसल्यांच्या राजघराण्यातल्या रघूजीराजांनी त्यांना सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणून ठेवलं होतं, हे धागाकर्त्या ताईंना नाव पाहता ठाऊक असणारच. आजही चादर चढवायला येणाऱ्यांत मराठी बाया-माणसं भरपूर असतात. आमच्या घरात उर्सात जेवढी गर्दी, तेवढीच पोळ्याला शेजाऱ्यांकडे. आणि रमजानात आलात तर रात्री मोमिनपुरा. गाडी लांब लावून पायी शिरा.

सक्करदरा

ठाऊक आहे, आणि लिहिल्याबद्दल आभार. आमची आई गुरुवारी जायची.

पिवळी काळी

तुम्ही सगळे डिसेंबर-जानेवारी म्हणताय. माझं मत वेगळं आहे. या शहराला वर्षातून एकदाच बघायचं असेल तर तान्ह्या पोळ्याचा दिवस निवडा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. इतवारीच्या रस्त्यावर दोघी समोरासमोर येतात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. मागे बडग्यांची रांग: त्या वर्षीचा भ्रष्टाचार, महागाई, रोगराई, ज्या कशाचा लोकांना राग आहे त्याचा पुतळा. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत गावाबाहेर नेऊन जाळतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना जाऊन मिळालेली भोसल्यांची राणी बाकाबाई, असं जुने लोक सांगतात. जगनाथ बुधवारीत पिवळीची तयारी आधीपासून सुरू असते, तीही बघता येते.

त्याच संध्याकाळी पोरं सजवलेले लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात. काही बैल पोरापेक्षा उंच असतात, त्यांना चाकं लावलेली.

लाव्याचा झरा

शहराचं नाव ज्या नदीवरून पडलं तिच्याकडे या धाग्यात कुणीच गेलं नाही. नाग नदी पश्चिमेला लावा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरीत येते, तिथून शहराच्या पोटातून महालाच्या अंगाने पूर्वेला जाते. नाला म्हणून लोक नाक दाबतात. २०२३ च्या २३ सप्टेंबरला पहाटे अंबाझरी ओसंडला आणि काठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, तेव्हा शहराला नदी आठवली. आमच्या नातेवाइकांच्या घरात छातीइतकं पाणी होतं.

धरमपेठ_गल्ली यांच्यासारखे अंबाझरीला पहाटे जाणारे जातात तलाव बघायला. सांडवा कुठे आहे आणि तिथून पाणी कुठे जातं, तेही बघा आणि पाहुण्यांना दाखवा. महालातून फिरताना एखाद्या पुलावर पाच मिनिटं थांबून आपली नदी ही आहे असं मुलांना सांगा. सुंदर दृश्य नाही. पण ज्या नदीकडे कुणी बघत नाही ती स्वच्छ करा असं म्हणणार तरी कोण?

सक्करदरा

हे मी माझ्या क्रमात घालते आहे. महालातून गांधीसागरकडे जाण्याऐवजी आधी नदीचा पूल, मग तलाव. दहा मिनिटांचा फरक.

नीलम_कोथरूड

सगळ्यांचे खूप आभार. आईला वाचून दाखवलं. तिने दीक्षाभूमी सकाळीच हवी असं सांगितलं आणि पाटवडी रस्सा. शेवटचं विचारते: लग्न शनिवारी आहे, मग रविवार धरायचा की सोमवार? आणि मुक्काम कुठे करावा?

सक्करदरा

अजब बंगल्यात डोकावायचं असेल तर सोमवार नको, तो त्या दिवशी बंद असतो. इतवारीतली कोणती दुकानं रविवारी उघडी असतील ते लग्नघरच्या मंडळींना विचारा, ओळीओळीचा वार वेगळा असतो. सराफा आणि मसाले हवेच असतील तर सोमवार धरा आणि संग्रहालय सोडून द्या. मुक्काम बर्डी किंवा स्टेशनच्या आसपास, मेट्रोच्या दोन्ही मार्गिका जवळ पडतात. जानेवारीत अडचण नाही. डिसेंबरात येणाऱ्या इतरांसाठी सांगून ठेवते, अधिवेशन चालू असताना खोल्या आधी बघा, आणि विधानभवनाजवळचे रस्ते मोर्चांमुळे वळवलेले असतात, तेव्हा त्या भागातून रिक्षा नको, मेट्रोच.

आईंना सकाळी शाल द्या. दीक्षाभूमीच्या आवारात दगडी फरशी गार असते आणि चपला बाहेर काढाव्या लागतात, मोजे सोबत असू द्या.

काटोलकर

नीलमताई, जानेवारीत आंबिया संपत येते अन् मृग सुरू व्हाचा असते. महिन्याच्या शेवटी येत असाल तर पहिला मृग भेटू शकते. घेताना विचारा 'मृगाचा आहे काय?' अन् एक सोलून खाऊन पाहा, मंगच पेटी बांधा.